मुक्या रुग्णाचे ऋण

चिचगडसारख्या गावात कुत्रा हा शोभेचा प्राणी नाही. गोंदिया जिल्ह्याच्या देवरी तालुक्यातील हे गाव छत्तीसगडच्या सीमेजवळील जंगलपट्ट्यात वसलेले आहे. धानाच्या बांध्या रानडुकरांपासून राखायच्या, शेळ्यांचा गोठा बिबट्यापासून सांभाळायचा, मोहफुले वेचण्याच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात अस्वलाची चाहूल आधी लागावी म्हणून पुढे चालणारा कोणी सोबती हवा. ही सारी कामे या परिसरात कुत्रा करतो. त्याला वेतन नाही, रजा नाही आणि उत्पन्नाच्या कोणत्याही हिशेबात त्याच्या कामाची नोंद नाही. शासनाच्या पशुगणनेत त्याचे डोके मोजले जाते, परंतु त्याच्या श्रमाचे मोल कोणी मोजत नाही.

अशा एखाद्या कुत्र्याच्या जबड्यावर किंवा पायावर गाठ दिसू लागली, तर पूर्वी त्याचा अर्थ एकच होता. हळद लावायची, काही दिवस वाट पाहायची आणि शेवटी डोळे मिटून घ्यायचे. आज चित्र बदलले आहे. परगावी शिकणारा घरचा मुलगा सांगतो की, माणसाप्रमाणे कुत्र्यालाही कर्करोग होतो, त्यावर शस्त्रक्रिया आहे, औषधे आहेत आणि किरणोपचारही आहेत. या माहितीने आशा निर्माण होते, तशी एक नैतिक अडचणही उभी राहते. उपाय ठाऊकच नसेल तर हतबलतेचा दोष कोणावर येत नाही. उपाय ठाऊक असून तो आवाक्याबाहेर असेल, तर मात्र घरातील प्रत्येकाच्या मनाला टोचणी लागते. या टोचणीचा विचार भावनेच्या भरात न करता थोड्या शांतपणे करणे आवश्यक आहे.

प्रथम या उपचाराचे स्वरूप पाहू. रॉन्टजेनने १८९५ साली क्ष-किरण शोधून काढले आणि त्यानंतर अल्पावधीतच त्यांचा उपयोग गाठींवर होऊ लागला. किरणांच्या आघाताने पेशींतील जनुकद्रव्याची मोडतोड होते. निरोगी पेशी ती बऱ्याच अंशी दुरुस्त करू शकतात, कर्कपेशींना ते तितकेसे साधत नाही. म्हणूनच एकूण मात्रा लहान लहान हप्त्यांत विभागून देतात. कुत्र्याच्या नाकातील व मेंदूतील गाठी, तोंडातील काही अर्बुदे, शस्त्रक्रियेनंतर मुळाशी थोडी उरलेली गाठ अशा ठिकाणी हा उपचार विशेष उपयोगी पडतो. हाडाच्या कर्करोगात तो आजार नाहीसा करीत नाही. परंतु बहुतेक कुत्र्यांच्या वेदना काही काळ कमी करतो, आणि वेदना कमी होणे ही मुक्या प्राण्याच्या बाबतीत लहान गोष्ट नव्हे.

मात्र माणूस आणि कुत्रा यांच्या किरणोपचारात एक मोठा फरक आहे. माणसाला ‘हलू नका’ म्हणून सांगता येते, कुत्र्याला सांगता येत नाही. त्यामुळे प्रत्येक हप्त्याला त्याला पूर्ण भूल द्यावी लागते. रोग समूळ घालविण्याचा हेतू असेल, तर तीन ते चार आठवड्यांत पंधरा ते वीस वेळा हे करावे लागते. केवळ वेदनाशमन करायचे असेल, तर थोडे हप्ते पुरतात. म्हणजे यंत्राबरोबरच भूलतज्ज्ञ हवा, किरणभौतिकीचा जाणकार हवा आणि रोग्याबरोबर महिनाभर राहणारा माणूसही हवा. चिचगडहून देवरी आणि तेथून महामार्गाने साकोली, भंडारा व नागपूर असा प्रवास एकदा करणेही सामान्य कुटुंबाला जड जाते. मग वीस वेळांची गोष्टच नको.

हा उपचार ज्यांना शक्य होतो, त्यांच्यावर घरी जी जबाबदारी येते ती यंत्रापेक्षा कमी महत्त्वाची नाही. भूल द्यावयाची असल्याने आदल्या रात्रीपासून अन्न बंद ठेवावे लागते आणि उपाशी कुत्र्याची केविलवाणी नजर सोसावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून किरण दिलेल्या जागेची कातडी उन्हाने भाजल्यासारखी लाल होते, कधी ओलसर होते, केस गळतात. तोंडावर किरण दिले असतील तर आतून सोलवटते आणि घास गिळवत नाही. अशा वेळी मऊ भात, पेज, उकडलेले अंडे असे अन्न हाताने भरवावे लागते. कुत्रा ती जागा चाटू लागला तर जखम चिघळते. म्हणून गळ्यात रुंद पट्टी घालावी लागते आणि ऊन टाळावे लागते. वैद्याला विचारल्यावाचून मलम लावू नये, आणि माणसाची वेदनाशामके तर मुळीच देऊ नयेत. घरोघरी आढळणारी आयब्युप्रोफेनची गोळी कुत्र्याच्या पोटाला व मूत्रपिंडाला गंभीर अपाय करते. उपचार संपल्यावरही आठ-पंधरा दिवस त्रास वाढत राहू शकतो, मग तो ओसरतो. पुढे केस उगवतात ते पुष्कळदा पांढरे असतात. बाहेरून किरण दिलेला कुत्रा स्वतः किरणोत्सर्गी होत नाही, तेव्हा घरातील मुलांना त्याच्यापासून दूर ठेवण्याचे कारण नाही. उलट त्या दिवसांत त्यांचा हात पाठीवरून फिरणे, हाच त्याला समजणारा एकमेव दिलासा असतो.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. ज्या देशात माणसांनाच कर्करोगाचे उपचार वेळेवर मिळत नाहीत, जेथे टाटा स्मारक रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर खेड्यापाड्यांतील रुग्ण दिवस काढतात, तेथे कुत्र्यासाठी किरणोपचाराची भाषा करावी काय? धर्मराजाने स्वर्गाच्या दारातही कुत्र्याची सोबत सोडली नाही, हे उदाहरण या प्रश्नाला पुरेसे उत्तर नव्हे. महाप्रस्थानाच्या वाटेवर खर्चाचा प्रश्न नव्हता. चिचगडच्या शेतमजुराला मात्र मुलीची फी आणि कुत्र्याचा उपचार यांतून निवड करावी लागते. अशा निवडीत त्याने मुलीचा पक्ष घेतला, तर त्याला निर्दय ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही.

परंतु या आक्षेपात एक गृहीतक दडलेले आहे. प्राण्यावर खर्च झालेला प्रत्येक रुपया माणसाच्या तोंडचा काढून घेतलेला असतो, असे ते गृहीतक आहे. प्रत्यक्षात ज्ञानाच्या बाबतीत हिशेब उलटा आहे. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कूपर्सटाऊन येथे डॉ. डोनल थॉमस यांनी सर्व शरीरावर किरण देऊन नंतर अस्थिमज्जेचे रोपण करण्याचे प्रयोग केले, ते कुत्र्यांवर. किती मात्रेने मज्जा नष्ट होते, परकी मज्जा शरीर कसे नाकारते, कोणत्या औषधाने ते टळते, याचे धडे त्या कुत्र्यांच्या देहांवर गिरविले गेले. त्यातून रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या असंख्य माणसांना जीवदान मिळाले आणि १९९० साली थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आजही माणसाच्या हाडांच्या कर्करोगाचा अभ्यास करताना कुत्र्याच्या त्याच रोगाकडे पाहिले जाते, कारण तो त्याला आपसूक होतो व माणसाच्या रोगाशी त्याचे विलक्षण साम्य असते. किरणोपचाराच्या खात्यात कुत्रा हा याचक म्हणून आलेला नाही, तो जुना धनको आहे.

हे ऋण फेडायचे म्हणजे प्रत्येक तालुक्याला किरणयंत्र बसवायचे असा अर्थ कोणी काढू नये. महागडे यंत्र अर्धे विकत घेता येत नाही, आणि रुग्णसंख्या थोडी असली की प्रत्येक उपचाराचा खर्च आकाशाला भिडतो. अशा अविभाज्य भांडवलाची योग्य जागा प्रादेशिक केंद्रात असते. नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, २००० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय आहे, आणि माणसांसाठी कर्करोग रुग्णालयेही आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टचे देशी यंत्र तयार करून ते २००५ साली नवी मुंबईत टाटा स्मारक केंद्राकडे बसविले. म्हणजे तंत्रज्ञान परकीयांकडे गहाण पडलेले नाही. माणसांच्या रुग्णालयांत नवी यंत्रे येतात, तेव्हा जुन्यांपैकी सुस्थितीतील एखादे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या अटी पाळून पशुवैद्यकाच्या शिक्षणासाठी देता येईल काय, याचा विचार विद्यापीठाने व शासनाने करावा. त्यामुळे एकाही मानवी रुग्णाची पाळी चुकणार नाही, विद्यार्थ्यांना शिक्षण मिळेल आणि विदर्भाबरोबर शेजारच्या छत्तीसगड व मध्य प्रदेशालाही सोय होईल. मुंबईत परळला एकोणिसाव्या शतकापासून प्राण्यांचे रुग्णालय आहे आणि २०२४ साली महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचे नवे रुग्णालय सुरू झाले. राज्याच्या पूर्व टोकालाही एवढी मागणी करण्याचा हक्क आहे.

तोवर चिचगडने हात जोडून बसावे असे मात्र नाही. खेड्यातील कुत्र्यांच्या कर्करोगाचा मोठा भाग किरणयंत्रावाचून आटोक्यात येण्याजोगा आहे. समागमातून एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे जाणारे जननेंद्रियाचे अर्बुद भारतातील मोकाट कुत्र्यांत सर्रास आढळते. त्यावर व्हिंक्रिस्टिनचे इंजेक्शन आठवड्यातून एकदा, असे काही आठवडे दिले की बहुसंख्य कुत्री पूर्ण बरी होतात. किरणांची गरज औषधाला दाद न देणाऱ्या थोड्यांनाच पडते. हे औषध दारोदारी फुलणाऱ्या सदाफुलीपासून मिळते आणि १९६३ पासून माणसांच्या रक्ताच्या कर्करोगावरही ते वापरले जाते. कुत्रीच्या स्तनातील गाठींचे तर बव्हंशी निवारणच शक्य आहे. पहिल्या माजापूर्वी नसबंदी केली तर हा धोका जवळजवळ नाहीसा होतो, हे १९६९ सालीच एका अमेरिकी अभ्यासात दिसून आले होते. म्हणजे ज्या नसबंदीकडे केवळ मोकाट कुत्र्यांची संख्या रोखण्याचा उपाय म्हणून पाहिले जाते, ती कर्करोगाची प्रतिबंधक लसच म्हणावी लागेल. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ही दोन कामे नियमाने झाली, तर महानगरातील यंत्रापेक्षा अधिक जीव वाचतील. त्यासाठी औषधाचा पुरवठा, भुलेची सोय आणि गाई-म्हशींबरोबर कुत्र्यालाही रुग्ण मानणारी दृष्टी, एवढेच लागते. शिक्षकांनी वर्गात आणि ग्रामपंचायतीने सभेत हे सांगितले, तर गाठ लिंबाएवढी होण्याआधी कुत्रा दवाखान्यात पोहोचेल.

आणि जेथे यांपैकी काहीच उपयोगी पडणार नाही, तेथेही कर्तव्य संपत नाही. कुत्रा कण्हत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असे नव्हे. तो खाणे सोडतो, कोपरा धरतो, हाक मारली तरी शेपटी हलवीत नाही, हीच त्याची भाषा असते. वेदनाशामक औषध वैद्याकडून वेळेवर आणणे, आणि यातना असह्य झाल्यावर त्याच्याच हातून त्याला शांत मरण मिळवून देणे, हाही उपचारच होय. रोटी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा मराठी घरांत मुलांना कौतुकाने सांगितली जाते. मोहाच्या जंगलात वर्षानुवर्षे पुढे चालून ज्याने घरच्यांना वाट मोकळी करून दिली, त्याच्या शेवटच्या वाटेवर घरच्यांनी बरोबर चालावे, इतकीच त्या कथेची आजची मागणी आहे. ती पुरविण्यासाठी श्रीमंती लागत नाही.