अडलेल्या ॲपची पोच

सप्टेंबरचा दुसरा आठवडा उलटला की लोणार तालुक्यात दोन घाया एकदम सुरू होतात. सोयाबीन पिवळे पडू लागते आणि सोंगणीचे दिवस जवळ येतात. त्याच सुमारास ई-पीक पाहणीची, म्हणजे मोबाइल ॲपवर आपल्या पिकाची नोंद करण्याची, मुदतही संपत आलेली असते. पहिल्या घाईला शेतकरी सरावलेला आहे. मजूर मिळत नसतील तर काय करायचे, पाऊस उघडला नाही तर काय करायचे, हे त्याला ठाऊक असते. दुसऱ्या घाईत त्याच्या हाती फक्त मोबाइल असतो आणि कानावर ठरलेली वाक्ये पडतात. ‘सर्व्हर डाऊन आहे.’ ‘ओटीपी येत नाही.’ ‘लोकेशन घेत नाही.’ ‘नुसते गोल गोल फिरते आहे.’ या वाक्यांत माणूस कुठेच नाही. कोणी काही केलेले नसते, आपोआप घडलेले असते. पण मुदत संपते, मदतीची यादी लागते, तिच्यात नाव सापडत नाही, आणि तेव्हा त्याच घटनेचे वर्णन वेगळे होते: ‘तुम्ही नोंद केली नाही.’ आता वाक्याला कर्ता मिळालेला असतो, आणि तो कर्ता शेतकरी असतो. यंत्र अडते तेव्हा दोष कोणाचाच नाही. नुकसान सोसायची वेळ येते तेव्हा दोष वापरणाऱ्याचा. ही अदलाबदल अन्यायाची आहे आणि ती थांबवता येण्यासारखी आहे, एवढेच मला मांडायचे आहे.

आधी या योजनेचे श्रेय तिला दिले पाहिजे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली तेव्हा तिचा विचार चांगला होता. पूर्वी पीक पेरा तलाठी लिहीत असे, आणि एका तलाठ्याकडे अनेक गावे असल्यामुळे तो बांधावर न जाता लिहिला जाई, ही तक्रार खोटी नव्हती. शेतात कपाशी आणि सातबाऱ्यावर तूर, असे प्रकार होत. आपल्या पिकाची नोंद आपणच करायची, फोटो काढायचा आणि तलाठ्याने दहा टक्के नोंदी पडताळायच्या, या रचनेत शेतकऱ्याच्या शब्दावर विश्वास होता. चूक झाली तर ४८ तासांत दुरुस्तीची सोयही पुढे आली. मात्र एकदा हीच नोंद पीक विमा, अतिवृष्टीची मदत आणि हमीभावाच्या खरेदीचा आधार झाली, तेव्हा तिचे स्वरूप पालटले. आता ती कमाईच्या वाटेवरचे फाटक झाली आहे. फाटक बंद राहिले तर जाब कोणाला विचारायचा, याची तजवीक मात्र कोणी केली नाही.

हे फाटक उघडायला काय काय लागते, ते पाहू. ॲपची ताजी आवृत्ती चालेल असा अँड्रॉइड फोन लागतो. घरात एकच स्वस्तातला फोन असेल आणि तो फोटो-व्हिडिओंनी भरलेला असेल, तर नवी आवृत्ती उतरवून घ्यायलाच जागा उरत नाही. नोंदणीसाठी ओटीपी लागतो, म्हणजे रिचार्ज संपलेला नसावा लागतो. मग शेतात उभे राहून जीपीएसने जागा पकडावी लागते. डिजिटल क्रॉप सर्व्हे पद्धत आल्यापासून पिकाचा फोटो त्या गटापासून पन्नास मीटरच्या आत काढणे सक्तीचे झाले आहे. उपग्रहाचा संकेत कुठेही मिळतो हे खरे. पण फोन पटकन जागा ओळखतो तो उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून मिळाल्यामुळे. रेंज नसलेल्या शेतात त्याच कामाला कितीतरी जास्त वेळ लागतो. एवढे सगळे जमले तरी शेवटी माहिती ज्या सर्व्हरवर जायची, त्यावर त्याच दिवसांत राज्यभरातले शेतकरी एकदम येतात. यातला फोन एकाने बनवलेला, नेटवर्क दुसऱ्याचे, ॲप तिसऱ्याचे, सर्व्हर चौथ्याचा. या साखळीतली कोणतीही कडी तुटली तरी पडद्यावर दिसते ते सारखेच. ती कोणती कडी होती हे शेतकऱ्याला कळत नाही, सेतू केंद्रावरच्या मुलालाही कळत नाही, आणि तरीही साऱ्या साखळीचा जामीन शेतकरीच ठरतो.

यावर सरकारचे नेहमीचे उत्तर मुदतवाढ हे असते. २०२५ च्या खरिपातही ती मिळाली. पण मुदतवाढ ही कागदाच्या अर्जाला चालते, उभ्या पिकाला चालत नाही. लवकर येणारे सोयाबीन नव्वद-पंच्याण्णव दिवसांत तयार होते आणि तयार झालेल्या शेंगा वाट पाहत नाहीत. उशीर झाला की तडकतात, पावसात सापडल्या की दाणा डागाळतो. वाढीव मुदतीच्या शेवटच्या दिवशी सर्व्हर सुरळीत चालू असेलही, पण तोवर रान मोकळे झालेले असते. फोटो कशाचा काढायचा? ज्या अडचणीचे उत्तर वेळेत मिळायला हवे, तिला नंतरची तारीख देणे हे उत्तर होत नाही.

या व्यवस्थेच्या मर्यादेची कबुली सरकारने स्वतःच दिलेली आहे, आणि ती माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी पाच हजार रुपये, दोन हेक्टरच्या मर्यादेत, अशी मदत २०२४ साली जाहीर झाली. अट होती ई-पीक पाहणीत नोंद असण्याची. शेतात पीक होते, सातबाऱ्यावरही होते, पण ॲपमध्ये नाही, असे शेतकरी गावोगाव निघाले. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये ती अट काढण्याचा निर्णय झाला आणि सातबाऱ्यावरची नोंद ग्राह्य धरायचे ठरले. निर्णय योग्यच होता. पण त्याचा अर्थ नीट पाहायला हवा. ज्यांची नोंद ॲपमध्ये नव्हती ते सारे निष्काळजी किंवा खोटे नव्हते, हे त्या दिवशी मान्य झाले. निवडणुका जवळ नसत्या तर हा निर्णय झाला असता का, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी दुसरा उरतोच: प्रत्येक हंगामात मोर्चे काढूनच हे मान्य करून घ्यायचे का?

ही गोष्ट एका ॲपपुरती नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल प्रकल्प कार्यालयांत परत नेऊन दिले. त्याच्या दोन वर्षे आधी मिळालेले ते फोन दोन जीबी रॅमचे होते. पोषण ट्रॅकर हे नोंदींचे ॲप त्यांवर नीट चालत नव्हते, फोन तापत होते, बंद पडत होते, वॉरंटी संपली होती आणि दुरुस्तीचा खर्च सेविकांच्या मानधनातून जात होता. ॲपची भाषा इंग्रजी होती. ज्या बाईने वीस वर्षे रजिस्टरमध्ये बाळांची वजने चोख लिहिली, ती एका हलक्या फोनमुळे कामात कमी पडणारी ठरू लागली. त्या आंदोलनाची आठवण मला मोलाची वाटते, कारण त्यांनी अदलाबदल नाकारली. दोष आमचा नाही, वस्तूचा आहे, असे म्हणून ती वस्तू देणाऱ्याच्या टेबलावर ठेवली.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या ई-केवायसीत तर दोष यंत्रातही नव्हता, तो फॉर्म लिहिणाऱ्याच्या डोक्यात होता. सप्टेंबर २०२५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा लाभार्थी बाईच्या आधारबरोबर पतीच्या किंवा वडिलांच्या आधारवर ओटीपी घेणे आवश्यक होते. पती वारलेला, वडीलही नाहीत, अशी बाई त्या पडद्यावर अडून बसली. पुढे जायला बटणच नव्हते. राज्यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता आहेत हे फॉर्म करणाऱ्याला माहीत नसेल असे नाही, पण पडदा आखताना त्यांची आठवण झाली नाही. कागदपत्रे अंगणवाडी सेविकेकडे देण्याची वाट नोव्हेंबरमध्ये, मूळ मुदत संपता संपता, निघाली. त्याच फॉर्ममध्ये घरातले कोणी सरकारी नोकरीत ‘नाहीत’ असे विधान होते आणि पुढे होय किंवा नाही निवडायचे होते. मराठी बोलणाऱ्या माणसाला ‘घरात कोणी नोकरीला नाही ना?’ असे विचारले तर तो सहज ‘नाही’ म्हणतो, आणि त्याचा अर्थ ‘कोणी नाही’ असा असतो. संगणकाच्या लेखी मात्र त्या ‘नाही’चा अर्थ विधान खोटे, म्हणजे घरात सरकारी नोकर आहे, असा उलटा होतो. मराठी येणाऱ्या कोणीही पाच बायकांना तो प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला असता, तर ही चूक पहिल्याच दुपारी सापडली असती.

काही जण म्हणतील, लाखो लोकांची कामे होतात, थोड्यांची अडतात, कोणतीही व्यवस्था शंभर टक्के नसते. बरोबर आहे. पण अडलेले थोडे म्हणजे किती? आधारची व्यवस्था पाहणाऱ्या प्राधिकरणाच्या प्रमुखांनी २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे सांगितले की सरकारी सेवांमध्ये ओळख पटण्याचे प्रमाण ८८ टक्के आहे. उरलेले १२ टक्के म्हणजे दर आठांत जवळपास एक. कष्टाने बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसांचे अंगठे लागत नाहीत हे रेशन दुकानात कोणीही सांगेल; म्हणजे हे अपयश सगळ्यांच्या वाट्याला सारखे येत नाही, ते राबणाऱ्यांकडे झुकलेले असते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आधारच्या निकालात न्यायालयाने ओळख पटली नाही म्हणून कोणाचा लाभ नाकारू नये, हे तत्त्व मान्य केले. आज ज्या ॲपांवर शेतकऱ्याचा आणि बाईचा हक्क टांगला आहे, त्यांच्या रचनेत ते तत्त्व कुठे दिसते?

दुसरा आक्षेप असा की लोकांनी शिकून घ्यावे. लोक शिकतात, व्हॉट्सॲप आणि यूपीआय त्यांनी कोणत्याही शासकीय शिबिराशिवाय आत्मसात केले. जी वस्तू खरोखर चालते ती शिकायला वेळ लागत नाही. शिवाय शिकलेल्यांचेही अडते. ७ जून २०२१ रोजी प्राप्तिकर विभागाचे नवे पोर्टल सुरू झाले आणि सनदी लेखापालांना, कंपन्यांना, पगारदारांना आठवडेच्या आठवडे मनस्ताप झाला. त्या वेळी करदात्यांना कोणी अडाणी म्हटले नाही. पोर्टल बनवणाऱ्या इन्फोसिसच्या प्रमुखांना अर्थ मंत्रालयाने बोलावून जाब विचारला, आणि विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत गेली. म्हणजे कर्ता शोधायचा ठरवला तर सापडतो. दिल्लीला ऐकू जाईल अशा आवाजाची माणसे अडतात तेव्हा तो शोधला जातो. जिल्ह्याच्या एका टोकाला असलेल्या लोणारात एखादा शेतकरी अडतो तेव्हा नाही.

उपाय कागदावर परत जाणे हा नाही. मला हवी आहे ती एक छोटी गोष्ट, जी कागदाच्या व्यवस्थेत होती आणि ॲपमध्ये हरवली: पोच. तहसीलमध्ये अर्ज दिला की आवक क्रमांक मिळे, शिक्का बसे, आणि पुढे काम झाले नाही तरी आपण अमुक दिवशी आलो होतो हे सिद्ध करता येई. ॲप अडले की त्या प्रयत्नाचा काहीच मागमूस शेतकऱ्याच्या हाती उरत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवेला उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, पण त्या कायद्याचे घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर सुरू होते. जो अर्ज दाखलच होऊ शकला नाही, त्याचे घड्याळ कोण सुरू करणार? ग्राहक संरक्षण कायदाही इथे उपयोगाचा नाही, कारण मोफत दिलेली सेवा त्याच्या व्याख्येत बसत नाही. म्हणून अडलेल्या प्रयत्नाची नोंद खुद्द फोनमध्ये, नेटवर्क नसतानाही, झाली पाहिजे आणि रेंज येताच आपोआप वर गेली पाहिजे. तिला क्रमांक हवा, आणि तो क्रमांक मुदतीच्या आतला असेल तर नंतरची प्रत्यक्ष पडताळणी ग्राम महसूल अधिकाऱ्याची, म्हणजे पूर्वीच्या तलाठ्याची, जबाबदारी ठरली पाहिजे.

याचा गैरफायदा घेतला जाईल, पीक न पेरता लोक नुसत्या पोचा जमवतील, अशी शंका येईल. पण पोच म्हणजे मदत नव्हे. ती फक्त चौकशी मागण्याचा अधिकार देते, आणि चौकशीला शेतात कापलेल्या सोयाबीनचे बुडखे, बियाण्याची पावती, शेजारच्या गटधारकाची साक्ष पुरते. अशा नोंदींचा दुसरा फायदा सरकारलाच आहे. कोणत्या तालुक्यात, कोणत्या दिवशी, कोणत्या पायरीवर किती जण अडले हे जिल्हानिहाय जाहीर करता येईल, आणि सर्व्हर कधी व किती वेळ बंद होता हे विचारायला माहिती अधिकाराचा अर्ज करावा लागणार नाही. नवी आवृत्ती आणण्याआधी ती पुण्या-मुंबईच्या वायफायवर न तपासता सुलतानपूर किंवा बीबीच्या शिवारात, तीन वर्षे वापरलेल्या, जागा भरलेल्या फोनवर तपासावी, हेही त्या आकड्यांवरूनच पटेल.

पडद्यावर आज लाल अक्षरांत नुसते ‘काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा’ असे येते. त्याच्या जागी एवढी ओळ यायला हवी: तालुका लोणार, गट क्रमांक अमुक, १२ सप्टेंबर, सकाळी ११ वाजून ४० मिनिटे, शेतकरी शेतात हजर होता, सर्व्हरने नोंद घेतली नाही.