शेवटच्या ओळीतला ‘टू’

परवा भाच्याने नोकरीचा अर्ज पाठवला आणि फोनवर म्हणाला, “मावशी, पुढे धाडण्याआधी एकदा वाच ना.” अर्ज नेटका होता. खटकली ती फक्त शेवटची ओळ : ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’ तिथे ‘हिअर’ नव्हे, ‘हिअरिंग’ हवे.

“पण ‘टू’च्या पुढे साधंच क्रियापद येतं ना?” त्याने विचारले.

त्याचे अर्धे बरोबर आहे. ‘आय वाँट टू गो’ यातला ‘टू’ क्रियापदाचा सोबती, म्हणून पुढे साधे ‘गो’. ‘लुक फॉरवर्ड टू’ मधला ‘टू’ मात्र आपल्या ‘ची’सारखा आहे. त्याला पुढे नाम लागते. मराठीत आपण ‘तुमच्या उत्तराची वाट पाहतो’ म्हणतो. क्रियापद आले, तर आधी त्याचे नाम करतो आणि म्हणतो ‘भेटण्याची वाट पाहतो’. इंग्रजीत हेच काम ‘आयएनजी’ करते : ‘टू मीटिंग यू’.

शंका आली, तर ‘टू’पुढे ‘दिवाळी’ ठेवून पाहा. ‘आय लुक फॉरवर्ड टू दिवाळी’ चालते. म्हणजे क्रियापदाला ‘आयएनजी’ लावा. ‘आय वाँट टू दिवाळी’ चालत नाही. तिथे साधे क्रियापद.

दुसरी चूक अर्थाची. मराठीत आपण बसची वाट पाहतो आणि दिवाळीचीही. इंग्रजीत बससाठी ‘वेट फॉर’. ‘लुक फॉरवर्ड टू’ फक्त आनंदाच्या गोष्टीसाठी. गेल्या वर्षी याच भाच्याने कॉलेजच्या रजेच्या अर्जात लिहिले होते, ‘वी आर लुकिंग फॉरवर्ड टू माय ग्रँडफादर्स ऑपरेशन.’ घरात सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला, आणि वाचणाऱ्याला वाटावे, घरात आनंदी आनंद आहे! ऑपरेशनसाठी ‘वेटिंग फॉर’ हवे होते. आजोबा बरे होऊन घरी येणार, त्यासाठी मात्र ‘लुकिंग फॉरवर्ड टू’ अगदी शोभले असते.

‘आय लुक फॉरवर्ड’ आणि ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड’ दोन्ही बरोबर. पहिले थोडे औपचारिक, म्हणून अर्जाला बरे. दुसरे जवळिकीचे. ‘आय ॲम लुक फॉरवर्ड’ मात्र कधीच नाही.

असाच फसवा ‘टू’ आणखी एका ठिकाणी भेटतो. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन इंदूर’ म्हणजे पूर्वी इंदूरला राहत होतो. ‘आय ॲम यूज्ड टू लिव्हिंग इन इंदूर’ म्हणजे इंदूरला राहण्याची सवय आहे. एका ‘आयएनजी’ने माणसाचे गाव सुटते किंवा राहते!

भाच्याने ओळ दुरुस्त करून अर्ज पाठवला. आता उत्तराची वाट पाहतो आहोत. कोणती वाट, ते तुम्हीच इंग्रजीत लिहून पाहा.