सुरतेचे दोन खान्देशी

सुरतेला गेलं की खान्देशी माणसाचं भलं होतं म्हणे. आम्ही विचारतो, कोणत्या? लिंबायत-उधन्यात स्थिरावलेल्यांचे हालही आहेतच, पण तिथं त्यांची मतं मोजली जातात. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील त्याच भागातून, नवसारी मतदारसंघातून खासदार होतात. सोनगीर फाट्यावरून बारडोलीकडे ऊसतोडीला निघालेला भिल्ल मात्र माणूस म्हणून नाही, 'कोयता' म्हणून मोजला जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता! उचल आधी, हिशेब हंगाम संपल्यावर, मुक्काम पालात. कष्ट कुणाचे कमी आहेत? १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यानं विस्थापन भत्ता आणि प्रवासखर्च दिला होता. मुकादमाच्या वहीत फक्त उचल. ३१ जुलैला लांडोर बंगल्यावर जमणाऱ्या मित्रांनो, ट्रक निघतील तेव्हा फाट्यावर आपलीही वही हवी: नाव, गाव, उचल, मुकादम, कारखाना.