मोर्चा एक दिवसाचा, खटला दहा वर्षांचा

गावात अत्याचार झाला की मोर्चा निघतो, निवेदन दिले जाते, पुढारी भेटून फोटो काढून जातात. पुढे प्रकरण कोर्टात जाते आणि फिर्यादी एकटा पडतो. आरोपीसाठी गावकी वर्गणी काढून नामांकित वकील उभा करते. आपला माणूस मजुरी बुडवून तारखा करतो आणि शेवटी थकून आपसात मिटवतो. वकिलाची फी परवडत नाही, हे खरेच आहे. पण कायद्याने जे फुकट दिले आहे, ते तरी आपण मागतो काय?

1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचे कलम 12 अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील देते. त्याला उत्पन्नाची अट नाही. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही हा हक्क आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन लावा. अॅट्रॉसिटीच्या 1995 च्या नियमांतील नियम 11 नुसार पीडित व साक्षीदारांना प्रवासखर्च व भत्ता मिळतो. कलम 15-अ नुसार आरोपीच्या जामिनावर पीडिताचे म्हणणे ऐकावेच लागते. त्याला नोटीस देणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली स्पष्ट केले. हा सरकारी उपकार नव्हे, हक्क आहे.

तरीही एक खिंडार राहते. अर्ज मंजूर होऊन वकील मिळेपर्यंत पोलीस ठाण्यात फिर्याद लिहून झालेली असते. कोणती कलमे लागली, जातीचा उल्लेख आला की गाळला, यावर पुढचा सारा खटला उभा राहतो. त्या पहिल्या दिवशी वकील हवा असेल, तर पैसा आधीच जमलेला हवा.

अमेरिकेत दरमहा ठरावीक रक्कम भरून वकिलाची हमी मिळवण्याच्या योजना आहेत. खाण कामगारांच्या युनियनने सभासदांसाठी पगारी वकील नेमला, तो हक्क तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1967 साली मान्य केला. कृष्णवर्णीयांच्या चळवळीने 1940 साली खटल्यांसाठी स्वतंत्र निधी उभारला आणि 1954 साली शाळांतील वर्णभेदाविरुद्धचा खटला जिंकला.

आपल्याकडे ही योजना जशीच्या तशी चालणार नाही. वकिलाला आपली फी वकील नसलेल्याबरोबर वाटून घेता येत नाही; पूर्णवेळ पगारी नोकरी धरली तर वकिली करता येत नाही. म्हणून कार्ड विकणाऱ्या कंपनीच्या नादी लागू नये. तालुक्याचा नोंदणीकृत ट्रस्ट असावा, घरटी वर्गणी असावी, खटल्यागणिक फी द्यावी आणि वर्षाचा हिशेब विहारात सर्वांसमोर वाचावा. जयंतीच्या वर्गणीतला डीजेवरचा खर्च वाचवला तरी सुरुवात होईल.

चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी एका दिवसात प्राशन केले. तो हक्क कोर्टात टिकवायला डिसेंबर 1927 पासून 17 मार्च 1937 पर्यंत लढावे लागले. तेव्हा आपल्याकडे बॅरिस्टर बाबासाहेब होते. आज चळवळीत वकिलांची वाण नाही; वाण आहे ती त्यांच्यामागे उभ्या राहणाऱ्या संघटित समाजाची. ती भरून काढणे आपल्याच हाती आहे.

जयभीम!