जुनी जीप आणि नवी हौस

जुन्या मोटारींच्या खरेदीविक्रीस दैनिकाच्या पहिल्या पानावर जागा का द्यावी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. शहरातील रस्ते, पाणी आणि शाळा यांचे प्रश्न पडून असताना ही चर्चा चैनीची वाटण्याचा संभव आहे, हे आम्ही जाणतो. परंतु ज्या छंदात माणसांचे प्राण, वनातील जनावरांची सुरक्षितता आणि देशाचा कायदा ही तिन्ही एकाच वेळी पणास लागतात, तो छंद कितीही खाजगी असला तरी त्याचा विचार चव्हाट्यावर झाला पाहिजे. पाऊस ओसरू लागला की रविवारी पहाटे रामटेक, उमरेड वा काटोलच्या दिशेने रुंद चाकांच्या, पाट्यांखाली ठोकळे देऊन उंच केलेल्या गाड्या निघताना दिसतात. त्यांतील पुष्कळशा नव्या नसतात. दुसऱ्या-तिसऱ्या धन्याकडून घेऊन, गॅरेजात महिनोन्महिने ठेवून, हौसेने सजविलेल्या असतात. डांबरी सडक सोडून नाल्यात, चिखलात आणि दगडगोट्यांत त्या घालणे हाच त्या प्रवासाचा हेतू असतो.

जीप ही वस्तू आमच्या विदर्भास अपरिचित नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून अमेरिकी सैन्यासाठी जी विलिस गाडी बांधली गेली, तिची जुळणी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांतच महिंद्रा कंपनीने मुंबईत आरंभिली. आणि १९५२ मध्ये सामूहिक विकास योजना सुरू झाल्यावर खेड्यात जीप आली म्हणजे सरकार आले, असे समीकरणच बनले. गटविकास अधिकारी, हिवतापाच्या फवारणीचे पथक, जंगलखात्याचा रेंजर आणि निवडणुकीचा उमेदवार हे सारे याच गाडीतून उतरत. पुढे तिच्याच जातीच्या गाड्यांनी ‘काळीपिवळी’ होऊन जेथे एस.टी. पोचत नव्हती तेथील माणसे वाहिली. आज ज्या गाडीवर तरुण मंडळी जीव टाकतात, तिच्यामागे अशी कष्टाची परंपरा आहे.

जुन्या जीपच्या व्यवहारात फसगत होण्याची परंपराही तितकीच जुनी आहे, हे येथे नमूद केल्यावाचून राहवत नाही. १९४८ मध्ये लंडनमधील आमचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी सैन्यासाठी दुरुस्त केलेल्या जुन्या जीपगाड्यांचा सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. त्यातून ज्या १५५ गाड्या किनाऱ्याला लागल्या त्या कामाच्या नाहीत असे आढळले. संसदेत या प्रकरणावर वर्षानुवर्षे खडाजंगी झाली आणि १९५५ मध्ये सरकारने ते मिटल्याचे जाहीर केले. जेथे सरकारचे हात पोळले, तेथे संध्याकाळच्या अंधुक उजेडात नव्या रंगाच्या चकाकीवर भुलून विसार देणाऱ्या एकट्या तरुणाची काय कथा!

आज बाजारात मुख्यतः दोन घराण्यांच्या गाड्या आढळतात. एक महिंद्राच्या जुन्या जीप आणि त्यांची डिझेलवर चालणारी एमएम ५४० ही बहीण. दुसरी मारुतीची जिप्सी. १९८५ मध्ये आलेली ही हलकी पेट्रोल गाडी २०१९ मध्ये सामान्य ग्राहकांसाठी बंद झाली, आणि तेव्हापासून जुन्या जिप्सीस विलक्षण मोल आले आहे. २०२३ मध्ये त्याच कंपनीने जिम्नी आणली खरी, परंतु उघड्या टपाच्या जिप्सीची जागा तिला घेता आलेली नाही. यात एक अन्याय दडलेला आहे, तो शहरातील हौशी वर्गाच्या सहसा लक्षात येत नाही. पेंच, ताडोबा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला येथे पर्यटकांना फिरविणाऱ्या आसपासच्या गावांतील चालकांचे पोट याच गाडीवर आहे. नवी मिळत नाही म्हणून तोही जुनीच शोधतो. शहरातील हौशी गृहस्थ जी वाढीव किंमत हसत मोजतो, ती देवलापार वा मोहर्लीच्या तरुणास कर्ज काढून मोजावी लागते.

खरेदीच्या वेळी काय पाहावे याविषयी जाणत्या मिस्त्रींचे मत एकच आहे: गाडी वरून नव्हे, खालून पाहावी. उभ्या गाडीखाली चादर अंथरून आडवे व्हावे आणि सांगाड्याच्या दोन्ही लांब तुळ्या, विशेषतः जेथे मागील पाट्यांचे टोक जडलेले असते ती जागा, बारकाईने न्याहाळावी. हातोडीने हलके ठोकले असता निरोगी लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते. जुन्या जोडावर नवी पत्री ठिगळासारखी वितळवून वर काळा रंग फासला असेल, तर तेथेच व्यवहार थांबवावा. इंजिन बदलता येते, पेटी उघडून बसविता येते. पिचलेला सांगाडा मात्र पहिल्याच खडकाळ चढावावर आपले खरे रूप दाखवितो. गाडी खरोखर चारही चाकांनी ओढते काय, हेही विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये. बाहेरून हुबेहूब दिसणाऱ्या परंतु केवळ मागील चाकांवर चालणाऱ्या अनेक जीप बाजारात आहेत, आणि ‘फोर-बाय-फोर’ हा बिल्ला कोणत्याही दुकानात मिळतो. मोकळ्या मातीवर नेऊन, जुनी जिप्सी असल्यास पुढच्या चाकांच्या मध्यावरील कळ फिरवून, लहान गिअरमध्ये गाडी चालवावी आणि पुढची चाके माती उकरतात की नाही हे दुसऱ्याने खाली उभे राहून पाहावे. पाच मिनिटांची ही परीक्षा आहे. ती टाळणारा विक्रेता आपले उत्तर देऊन चुकलेला असतो.

लोखंडाइतकीच कागदांची तपासणी महत्त्वाची. सांगाड्यावर कोरलेला क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक नोंदणीपुस्तकाशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. मूळच्या पेट्रोल जीपमध्ये पुढे डिझेल इंजिन बसविल्याची उदाहरणे अगणित आहेत. त्यात गैर काही नाही, परंतु तो बदल नोंदणीपुस्तकात उतरलेला नसेल तर कायद्याच्या दृष्टीने आपण जी गाडी घेत आहोत ती अस्तित्वातच नाही! परराज्यातील गाडीस तेथील ना हरकत प्रमाणपत्र हवे. सैन्याच्या लिलावातील जिप्सीस लिलावाची अस्सल कागदपत्रे हवीत. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे तपासणीनंतर पाच-पाच वर्षांनी नवी करावी लागते. मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल २०२२ पासून ५ हजार रुपये झाले, आणि २० वर्षांवरील गाडीसाठी ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने ते १० हजारांवर गेले. राज्याचा पर्यावरण कर निराळाच. खरेदीनंतर ३० दिवसांत मालकीबदलाची नोंद करणे बंधनकारक असताना वर्ष-वर्ष मागील मालकाच्या नावावर गाडी पळविणारे सुशिक्षित गृहस्थ आम्ही पाहतो. उद्या अपघात झाला, तर पोलिसांचा माणूस ज्याने गाडी कधीच विकली त्याच्या दारात उभा राहील.

आता बदलांविषयी. येथे आमचे मत अनेकांस रुचणार नाही. गाडी घेतल्याबरोबर प्रथम मोठी चाके, मग टपावरील दिव्यांची रांग, मग पुढे लोखंडी आडवा दांडा असा जो क्रम रूढ झाला आहे, तो सर्वस्वी उलटा आहे. पहिला पैसा ब्रेकवर, दुसरा स्टिअरिंगच्या सांध्यांवर, तिसरा पाटे आणि धक्काशोषकांवर गेला पाहिजे. आणि तो गेला आहे हे कोणासही दिसणार नाही, हीच अडचण आहे. जे मिरविता येत नाही त्यावर खर्च करण्याची आमच्या मध्यमवर्गास सवय नाही. लग्नाच्या मांडवापासून घराच्या दर्शनी भिंतीपर्यंत हाच अनुभव येतो.

मोठ्या चाकाचे गणित शाळेतील विद्यार्थ्यासही कळण्याजोगे आहे. चाकाचा व्यास वाढला की एका फेऱ्यात गाडी अधिक अंतर तोडते. त्यामुळे वेगदर्शक काटा खऱ्या वेगाहून कमी वेग दाखवितो, इंजिनावर ताण येतो आणि मूळ लहान चाकासाठी आखलेल्या ब्रेकला अधिक जड वस्तू थांबवावी लागते. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य उंचावतो. जुन्या जीपच्या दोन आसांतील अंतर अवघे ८० इंच; तिची रुंदीही बेताची. अशी गाडी तिरप्या उतारावर किंवा वर्धा मार्गावर वेगाने वळताना उलटण्यास फारसे निमित्त लागत नाही. उलट काही बदल खरोखर हिताचे आहेत: सांगाड्यास घट्ट जडलेले ओढण्याचे हूक, पोटाखालील जाड पत्रा, उलटल्यास डोके वाचविणारा पक्का पिंजरा आणि मागील बाकांवरील पट्टे. आमच्याकडील काळ्या मातीत पावसाळ्यात टायरच्या खाचा क्षणात भरून चाक गुळगुळीत होते. तेथे महागड्या टायरापेक्षा हवा ३० पौंडांवरून १८-२० वर आणण्याची अक्कल आणि परतताना ती पुन्हा भरण्याचा पंप अधिक उपयोगी पडतो. रुतलेली गाडी दोराने ओढताना इतरांनी दूर उभे राहावे, हा साधा नियमही पुष्कळांस ठाऊक नसतो. ताणलेली तार तुटली म्हणजे ती तलवारीसारखी फिरते.

कायदा याबाबतीत कठोर आहे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वये निर्मात्याने ठरविलेल्या तपशिलाशी विसंगत असा बदल मालकास करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ निःसंदिग्धपणे मांडला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलास ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या. समोरच्या लोखंडी दांड्यांविरुद्ध केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाईस सांगितले होते, कारण ते पादचाऱ्यास घातक असतात आणि हवेच्या पिशव्यांच्या कामात अडथळा आणतात. हे सारे योग्यच आहे. परंतु व्यवहारात काय होते? बंदी असलेली वस्तू दुकानात उघड विकली जाते, गॅरेजात दिवसाढवळ्या बसविली जाते, आणि वर्षातून एखाद्या मोहिमेत चार गाड्या अडविल्या की खात्याचे कर्तव्य संपते. परिणामी जीव वाचविणारा पिंजरा आणि जीव घेणारा दांडा हे दोघेही एकाच अंधारात राहतात. वस्तुतः याच कलमात २०१९ च्या दुरुस्तीने बदलांच्या मान्यतेचे नियम आखण्याचा अधिकार केंद्रास दिला आहे. तो वापरून सुरक्षेच्या जोडणीची मानके ठरवावीत, तपासणीनंतर ती नोंदणीपुस्तकात चढवावीत आणि बाकीच्यांवर, विक्रेत्यांसह, कसूर न करता कारवाई करावी. सफारीच्या जिप्सीतील पायऱ्यांसारख्या चढत्या आसनांसही हाच न्याय लागू व्हावा. तेथे तर लहान मुले बसतात.

राहिला वनाचा प्रश्न, आणि आमच्या मते तोच सर्वांत नाजूक आहे. अभयारण्यात परवानगीवाचून पाऊल टाकण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मज्जाव आहे. तरीही ‘कच्ची वाट’ दिसली की ती आपल्याचसाठी आहे, असे मानणारी मंडळी आहेत. परवाना असलेल्या गाड्याही किती बेताल होऊ शकतात हे २०२४ च्या अखेरच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसले. पाच बछड्यांसह निघालेल्या ‘एफ २’ वाघिणीची वाट पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी रोखून धरली. त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतः होऊन घेतली, चालक व मार्गदर्शकांवर कारवाई झाली. ती गाडी चालविणारा गरीब होता आणि ‘आणखी पुढे घे’ म्हणणारा मागच्या आसनावर बसलेला सुशिक्षित होता, एवढे मात्र या प्रसंगी विसरले जाऊ नये.

या हौसेस हक्काची जागा मिळाल्याखेरीज ती वनाच्या कुंपणापासून दूर राहील, अशी आशा व्यर्थ आहे. गोव्यात २०१४ पासून भर पावसाळ्यात चिखलातील मोटारींची स्पर्धा आखीव मार्गावर, पंचांच्या देखरेखीखाली होते. नागपुरास तर निसर्गाने नव्हे, खाणींनीच असे मैदान देऊन ठेवले आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय या शहरात आहे. २०१६ मध्ये सावनेरजवळ खाणपर्यटनाचे उद्यान उभारून त्या संस्थेने लोकांना खाणीच्या दारात आणलेही आहे. उघड्या खाणींतून उपसलेल्या मातीदगडांचे डोंगर जिल्ह्यात जागोजाग उभे आहेत. ज्यांवर वृक्षलागवड झालेली नाही आणि जे स्थिर झाल्याचा दाखला खाणतज्ज्ञ देतील, अशांपैकी एक निवडावा. चढ, चिखल आणि पाण्याचे मार्ग आखावेत. प्रवेशापूर्वी ब्रेक, पट्टे व कागद तपासावेत. दारात रुग्णवाहिका ठेवावी आणि खर्च शुल्कातून भागवावा. जिल्हाधिकारी, कोळसा कंपनी आणि प्रादेशिक परिवहन अधिकारी यांची एक बैठक यासाठी पुरेशी आहे. ती जिल्हाधिकाऱ्यांनी उन्हाळा लागण्यापूर्वी बोलवावी, म्हणजे पहिल्या पावसाच्या आत मैदानाची आखणी पुरी होईल.