हजेरीपट आणि वंशावळ

१९ एप्रिल १७७५ रोजी मॅसॅच्युसेट्समधील लेक्सिंग्टन गावाच्या मैदानावर सुमारे सत्याहत्तर गावकरी ब्रिटिश पलटणींसमोर उभे राहिले आणि त्यांतील आठजण ठार झाले. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या या पहिल्या चकमकीस २०२५ साली अडीचशे वर्षे पूर्ण झाली. आपल्या घराण्याचा मूळ पुरुष इंग्लंडमधून केव्हा आला, त्याने कोणती जमीन कसली, गावाच्या मिलिशियात त्याचे नाव होते काय, याचा शोध अनेक अमेरिकन कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या घेत आली आहेत. पूर्वजांविषयीचे हे कुतूहल स्वाभाविक आहे. परंतु कोणाचा पूर्वज कागदांत सापडतो आणि कोणाचा सापडत नाही, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. तो इतिहासातील न्याय-अन्यायाचा प्रश्न होतो.

मिलिशिया ही पगारी फौज नव्हती. मॅसॅच्युसेट्समध्ये सोळा ते साठ वर्षे वयाच्या बहुतेक पुरुषांना गावच्या कवायतीस हजर राहणे कायद्याने भाग होते. त्यामुळे हजेरीपट, खरेदीखते, मृत्युपत्रे व चर्चमधील नोंदी यांच्या आधारे सामान्य शेतकऱ्याचाही माग काढता येतो. १८०० साली युद्धखात्याच्या कचेरीस आग लागून क्रांतिकाळातील बरेच दप्तर नष्ट झाले. त्याची काही भरपाई पुढे निवृत्तिवेतनाच्या कायद्यांनी केली. १८३२ च्या कायद्यान्वये किमान सहा महिने सेवा केलेल्या मिलिशिया सैनिकासही वेतन मिळू लागले. मात्र त्यासाठी न्यायालयात शपथेवर आपली हकीगत सांगावी लागे. सत्तरी ओलांडलेल्या वृद्धांनी अशा रीतीने सांगितलेल्या आठवणी आज राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. विवाह सिद्ध करण्यासाठी विधवांनी घरच्या बायबलमधून फाडून जोडलेली जन्म-विवाहाच्या नोंदींची पानेही तेथे आढळतात.

या साधनांचा उपयोग सावधपणे करावा लागतो. त्या काळी नावापुढे ‘ज्युनियर’ असे लिहिलेला मनुष्य हा पुत्रच असे, असे नाही. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असले, तर त्यांतील धाकट्यास तसे म्हणत. १७५२ पर्यंत इंग्रजी वसाहतींत वर्षारंभ २५ मार्चला होत असल्याने जानेवारीतील मृत्यू आदल्या वर्षात नोंदला जाई. शिवाय अभिमानाला गिऱ्हाईक असले की पुरवठादारही निघतो. विसाव्या शतकाच्या प्रारंभी गुस्ताव आंजू नावाच्या गृहस्थाने धनिक घराण्यांना बनावट वंशावळी विकल्या आणि त्यांतील खोट्या नोंदी नंतरच्या अनेक ग्रंथांत शिरल्या.

तथापि याहून गंभीर प्रश्न आहे तो खऱ्या कागदांचा. हे कागद कोणी आणि कशासाठी लिहिले? डिसेंबर १६७५ मध्ये वसाहतींच्या सैन्याने आजच्या ऱ्होड आयलंडमधील दलदलीत नॅरागॅन्सेट जमातीची तटबंदी वस्ती जाळली. शेकडो माणसे मेली. त्यांत स्त्रिया, मुले व वृद्ध होते. या मोहिमेतील सैनिकांना जमिनीचे आश्वासन देण्यात आले होते. ते सुमारे साठ वर्षांनी पुरे झाले. मॅसॅच्युसेट्सने सैनिकांना अथवा त्यांच्या वारसांना सात नव्या गावांची जमीन वाटून दिली. हक्क सांगण्यासाठी नाते सिद्ध करावे लागले आणि दावेदारांच्या याद्या तयार झाल्या. वंशावळ व सातबारा यांची गाठ अशी आरंभापासूनच पडलेली होती. जे जळून मेले त्यांचे वारस कोण, हे विचारणारी यादी मात्र कोणी केली नाही.

लेक्सिंग्टनच्या तुकडीचीही कथा अशीच आहे. तिचा कप्तान जॉन पार्कर याची बंदूक त्याचा नातू थिओडोर पार्कर याने मॅसॅच्युसेट्स राज्यास दिली. हा नातू गुलामगिरीचा कडवा विरोधक होता, हे विशेष. त्याच तुकडीत प्रिन्स एस्टाब्रुक हा कृष्णवर्णीय गुलाम लढला आणि जखमी झाला. त्याचे आडनाव त्याच्या मालकाचे होते. १८५० व १८६० च्या शिरगणतीत गुलामांची नोंद बहुतेक ठिकाणी वय, लिंग व वर्ण एवढीच आहे, नावे नाहीत. ती सर्वांची आली १८७० मध्ये. एकाच मैदानावर उभ्या राहिलेल्या दोघांपैकी एकाच्या वंशजांना शतकांची साखळी मिळते, तर दुसऱ्यासारख्यांची वाट अशा नावाविना नोंदींपाशी अडते.

ही विषमता कागदांतच राहिली नाही. क्रांतीतील पूर्वज सिद्ध करणाऱ्या स्त्रियांची ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ ही संस्था १८९० साली स्थापन झाली. तिने १९३९ मध्ये मॅरियन अँडरसन या कृष्णवर्णीय गायिकेस आपले सभागृह नाकारले. त्या संस्थेत उघडपणे पहिली कृष्णवर्णीय सदस्या आली ती १९७७ साली.

म्हणून पूर्वजांचा शोध सोडून द्यावा असे नव्हे. तो अधिक नेटाने करावा. हजेरीपटावर आपल्या आजोबांच्या पणजोबांचे नाव सापडले, तर त्याच्या आसपासची नावे वाचावीत, त्याला मिळालेली जमीन आधी कोणाची होती हे पाहावे आणि मृत्युपत्रात गुरांच्या व भांड्यांच्या यादीत एखाद्या माणसाचे नाव आले असेल, तर तेही उतरवून घ्यावे. कित्येकदा त्या माणसाच्या वंशजांना उपलब्ध असलेला तो एकमेव पुरावा असतो. ज्यांच्या घरी दप्तर शिल्लक राहिले, त्यांच्यावर ते दुसऱ्यांसाठीही उघडे ठेवण्याचे ऋण आहे. कुलाभिमानाची खरी कसोटी तेथेच लागते.