नाव कुणाचं लिहायचं?

लग्नातल्या संगीताला किंवा गणपतीतल्या ऑर्केस्ट्राला हल्ली गाणाऱ्याच्या मागे भला मोठा एलईडी पडदा असतो. ठेक्याबरोबर त्यावर रंग फिरतात, फुलं उमलतात. टाळ्या मिळतात त्या गाणाऱ्याला. रंग कुणी फिरवले, हे कुणी विचारतही नाही. मोठ्या शहरांत हे काम करणाऱ्यांना व्हीजे म्हणतात. गाणं चालू असतानाच ते लॅपटॉपवर चित्रं ‘वाजवतात’ म्हणा ना!

लॅपटॉप आला तो फार नंतर. २३ डिसेंबर १९६६ रोजी लंडनमधल्या एका तळघरात ‘यूएफओ’ नावाचा क्लब सुरू झाला. पिंक फ्लॉइड, सॉफ्ट मशीन ही तेव्हाची नवखी मंडळी तिथे रात्र रात्र वाजवायची. मोठ्या कंपन्यांच्या आणि रेडिओच्या चौकटीबाहेरचं संगीत, म्हणून ते ‘अंडरग्राउंड’. वादकांवर प्रकाशाचे खेळ करणाऱ्यांत एक जोडपं होतं, मार्क बॉइल आणि जोन हिल्स. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये रंगीत द्रव घालून त्या प्रोजेक्टरमध्ये ठेवायच्या. दिव्याच्या उष्णतेने द्रवाला बुडबुडे यायचे, रंग एकमेकांत मिसळायचे आणि ते सगळं भिंतीवर, वादकांच्या अंगावर नाचायचं. एकदा दिसलेलं चित्र पुन्हा तसंच दिसणं नाही. आपल्या रांगोळीसारखंच! दुसऱ्या दिवशी सडा पडला की संपलं.

काम दोघांचं होतं. पण सुरुवातीची कित्येक वर्षं ते मार्क बॉइल या एकाच नावावर दाखवलं गेलं. पुढे जोनचं नाव बरोबरीने येऊ लागलं. मुलगा आणि मुलगीही कामात होती, म्हणून १९८५ पासून ‘बॉइल फॅमिली’ हे नाव ठरलं. म्हणजे इंग्लंडसारख्या देशात, जुन्या रीती मोडायला निघालेल्या मंडळींतसुद्धा, बाईचं नाव यायला इतका काळ जावा लागला. मग आपल्या तालुक्याच्या गावाचं काय सांगावं?

अशी कला टिकते ती कुणीतरी लिहून ठेवलं तरच. कॅरोलिन कून यांचं मला म्हणूनच फार कौतुक वाटतं. १९६७ मध्ये अमली पदार्थांच्या गुन्ह्यात पकडल्या जाणाऱ्या तरुणांना कायद्याची मदत मिळावी म्हणून त्यांनी रूफस हॅरिस यांच्यासह ‘रिलीज’ ही संस्था काढली. १९७६ मध्ये पंक संगीत आलं, तेव्हा अनेक जाणत्यांनी नाकं मुरडली. कूनबाई मात्र ‘मेलडी मेकर’ साप्ताहिकात त्यावर लिहू लागल्या, फोटो काढू लागल्या. १९७७ मध्ये त्यांचं पुस्तकही आलं. ज्या पोरांना लोक वाया गेलेली म्हणत होते, त्यांचं म्हणणं त्यांनी आधी ऐकून घेतलं. समाजकार्य आणि वार्तांकन यांत मला तरी फारसं अंतर दिसत नाही.

आमच्या मंडळातल्या काही मैत्रिणी म्हणतात, ‘‘नावाचं काय घेऊन बसलात ताई? काम झालं म्हणजे झालं.’’ ऐकायला छान वाटतं, पण मला ते पटत नाही. नाव म्हणजे नुसती हौस नसते. ज्याचं नाव पत्रिकेवर येतं, त्यालाच पुढच्या वर्षी बोलावणं येतं आणि मानधनही त्यालाच मिळतं. जिने तीन रात्री जागून रंगमंच सजवला, तिच्या वाट्याला शेवटी ‘आणि महिला मंडळ’ एवढेच शब्द येतात. अशाने तिचं कसब घरकामातच जमा होतं. उद्या तिच्या मुलीने हेच शिकायचं म्हटलं, तर ‘‘आईने तरी यात काय मिळवलं?’’ हे घरातूनच ऐकावं लागतं.

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या हळदीकुंकवाच्या किंवा गणपतीच्या कार्यक्रमाला एवढं कराच. रंगमंच कुणी सजवला, दिवे आणि पडदा कुणी सांभाळला, निवेदन कुणी लिहिलं, ती नावं पूर्ण लिहा आणि माइकवरून मोठ्याने वाचा. कॉलेजातल्या एखाद्या पोरीला फोटो काढायला आणि दोन पानं लिहायला सांगा. मंडळाच्या वहीत तारीख घालून ती चिकटवा. खर्च काही नाही, वहीचं तेवढं एक पान लागेल.